गिऱ्हाईक पुन्हा आले का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती उद्योगांच्या आणि स्वयंसाहाय्य गटांच्या प्रदर्शनांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि मी त्या आवर्जून वाचते. गाळे किती होते, गर्दी किती झाली, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे सगळे त्यांत असते. पण प्रदर्शन उठल्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गाळ्यांवरच्या किती जणींना पुन्हा मागणीचा फोन आला, हे मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात गेली १९ वर्षे मी आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लोणची आणि फणसाचे पापड करून विकते. एवढ्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. लहान धंदा वाढतो तो एकदा येऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आल्यामुळे. आणि नव्याने धंद्यात पडणाऱ्या मुली-बायकांना जो सल्ला मिळतो, तो बहुधा पहिल्या विक्रीपाशीच संपतो. त्याच्या पुढचे काही सांगावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही गोष्ट मला प्रथम उमगली ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. पावसाळ्याआधीची पुरुमेंताची, म्हणजे साठवणीची खरेदी चालू होती आणि मी हरमलच्या बाजूच्या एका वयस्क मिरचीवालीपुढे बसले होते. तिने एक मिरची मधोमध मोडली, माझ्या नाकाशी धरली आणि विचारले, "घरांत कितलीं जाणां?" मी सांगितले. दोन किलो मागितल्यावर तिने मान हलवली, "इतल्यो नाकात तुका" म्हणाली आणि सव्वा किलोच तोलून दिली. देठ काढू नको, पावसाने उघडीप दिली की पुन्हा एकदा ऊन दाखव, हेही तिने बजावले. हातात आलेली विक्री तिने स्वतःहून कमी केली, याचे मला त्या दिवशी नवल वाटले होते. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच कोपऱ्यात गेले. ती तिथेच बसली होती आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो, गेल्या वर्षीची मिरची शेवटपर्यंत टिकली का, हा. त्यानंतर ती बसत होती तोवर मी दुसऱ्या कोणाकडून मिरची घेतली नाही. तिच्याकडे जाहिरात नव्हती, फलक नव्हता. ठरलेली जागा होती, आठवण होती, आणि नको तेवढा माल गळ्यात न मारण्याचा संयम होता.

माझी आठवण तिच्याएवढी चांगली नाही, म्हणून मी वही घातली. ती पाचव्या वर्षी घातली, याची हळहळ मला अजून वाटते, कारण पहिल्या चार वर्षांत ज्यांनी माल नेला, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आज माझ्याकडे नाहीत. वही साधी, रेघांची आहे. एका घराला एक पान. वर नाव, गाव, फोन. खाली तारीख, काय नेले, किती नेले. आणि उजव्या बाजूला त्यांनी सांगितलेले काहीही, म्हणजे मीठ जास्त वाटले, सासूबाईंना तिखट चालत नाही, डिसेंबरात मुलीचे लग्न आहे, असे. चार माणसांच्या घरात एक लिटर आगळ साधारण किती दिवस पुरते, हे अशा नोंदींवरून वर्षभरात कळू लागते, आणि बाटली संपत आली असेल अशा वेळी आपला फोन गेला तर तो कोणाला त्रासाचा वाटत नाही. ज्यांना वहीपेक्षा संगणक किंवा मोबाईल सोयीचा वाटतो त्यांनी तो वापरावा. पण नोंद विक्रीच्या जागीच, पैसे घेता घेता व्हायला हवी. रात्री घरी जाऊन लिहू म्हटले की अर्धे राहून जाते.

ही वही चाळताना मला एक गोष्ट दिसली, आणि ती फोंड्यातल्या प्रत्येक लहान उद्योजकाने लक्षात घ्यावी असे मला वाटते. आपल्याकडे सल्ला मिळतो तो पर्यटकाला गाठण्याचा, किनाऱ्यावरच्या दुकानात माल ठेवण्याचा. पर्यटक जरूर घेतो. परंतु तो पुढच्या सुट्टीत दुसऱ्या राज्यात जातो आणि त्याचे माझ्या वहीतले पान कायमचे कोरे राहते. याउलट मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या ठिकाणी कुलदैवताच्या दर्शनाला मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार येथून जी कुटुंबे येतात, ती वर्षानुवर्षे येत राहतात. नागेशी सोडता ही दैवते पोर्तुगीज काळात सासष्टीतून या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, हलवलेली; आणि त्यांच्यामागे या कुटुंबांचा येण्याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ती अग्रशाळेत उतरतात, अभिषेक, प्रसाद होतो, आणि परतीच्या वाटेवर घरी न्यायला गोव्याचे काहीतरी हवे असते. परत येण्याची तारीख ज्यांनी आपण होऊन ठरवलेली आहे, असे दुसरे गिऱ्हाईक कुठे मिळणार? माझ्याकडची निम्म्याहून अधिक नियमित घरे अशी आहेत. जत्रेच्या आधी मी त्यांना विचारून ठेवते, येणार असाल तर काय बांधून ठेवू; आणि आले नाहीत तरी पार्सल मागवतात.

इथे एक कायद्याची बाब सांगणे भाग आहे, कारण ती मला फार उशिरा कळली. करपात्र माल राज्याबाहेर पाठवून विकायचा असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला मिळणारी ४० लाखांची सूट तिथे लागू होत नाही. तेव्हा बाहेरच्या पार्सलांचा पसारा वाढवण्याआधी आपल्या मालावर कर आहे की नाही, हे एखाद्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

आता लेबलाविषयी. पाकिटावर काय छापायचे याचे नियम आहेत आणि ते पाळावेच लागतात: उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, माल तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, किती काळ टिकेल ती मुदत, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराची हिरवी खूण, अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांक, आणि असेच आणखी काही. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे आवश्यक आहे, त्याच्या जोडीला मराठी वा कोंकणी चालते. पण नियमापुरता छापलेला फोन क्रमांक आणि गिऱ्हाइकाला वाचता येईल असा फोन क्रमांक यांत फरक आहे. पहिले दोन पावसाळे मी आगळ पत्र्याच्या झाकणाच्या बाटल्यांत भरत असे. आगळ म्हणजे आंबट आणि वर मीठ. झाकणाच्या आतला लेप कुठे खरवडला गेला असेल, तिथे ते पत्रा खाऊ लागते. बेळगावच्या एका बाईंनी फोन करून सांगितले की, फडताळात बाटलीखाली तांबूस कडे उमटले आहे आणि झाकण फिरवताना हाताला गंज लागतो. मी त्यांना दुसरी बाटली पाठवली, घरातल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या उघडून पाहिल्या आणि त्यांतल्या कितीतरी झाकणांना आतून काळे ठिपके आलेले दिसले. तो सबंध माल मी ओतून दिला. त्या वर्षी ज्यांनी फोन न करता बाटली मुकाट्याने टाकून दिली, ती घरे मला परत मिळाली नाहीत. फोन करणाऱ्या बाई आजही माल नेतात. तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला आपल्याकडून अजून काही अपेक्षा असते, म्हणून तो तक्रार करतो. त्याच्याशी वाद घालू नये. त्याचे ऐकून घ्यावे, वहीत लिहावे, आणि बाटली बदलून द्यावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. एवढ्या लहान मुलखात एका खराब पाकिटाची वार्ता एका लग्नाच्या मांडवातून पाच गावांत जाते, आणि ती पुसून काढायला जाहिरात पुरी पडत नाही.

लेबलाबरोबर मी एक चिठ्ठीही ठेवते. सोलकढीला किती आमसुले किती वेळ भिजवावीत, तिवळाला (नारळ न घातलेल्या सोलकढीला) एका पेल्याला किती चमचे आगळ, बाटली उघडल्यावर कुठे ठेवावी, एवढेच त्यावर असते. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला आमसूल दिसायला आवडते, पण वापरायचे कसे ते ठाऊक नसते, आणि वापरलेच नाही तर संपणार कसे आणि तो पुन्हा मागणार कसा?

किमतीच्या बाबतीत आपल्या बायकांचे फार नुकसान होते, असे मी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. उदाहरणादाखल १०० रुपये छापील किमतीचे आमसुलांचे पाकीट घ्या. दुकानदार त्यांतले २५ ठेवतो, हाती ७५ येतात. भिरंडे (कोकमाची फळे) आणि मीठ ३०, पिशवी व लेबल ८, दुकानापर्यंतची वाहतूक ७, खराब होणाऱ्या किंवा परत येणाऱ्या मालापोटी ५, असे ५० खर्च झाले. इथे हिशेब थांबवला की २५ रुपये नफा दिसतो आणि आनंद होतो. पण भिरंडे फोडणे, साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालणे, वळवाचा ढग दिसला की धावत जाऊन उचलणे, निवडणे, भरणे, या कामाची मजुरी कोणी धरायची? ती प्रत्येक पाकिटामागे २० रुपये धरली की खरा नफा ५ रुपये उरतो. मग दुकानदार म्हणतो, चतुर्थीनिमित्त दहा टक्के सूट देऊया, आणि ती सूट आपल्या वाट्याची असते. म्हणजे ५ रुपये मिळायचे ते राहिले बाजूला, उलट प्रत्येक पाकिटामागे ५ रुपये पदरचे जातात. जितकी पाकिटे अधिक खपतील तितका व्यवहार आतबट्ट्याचा. "घरचंच काम आहे, त्याची कसली मजुरी" हे वाक्य आपण सोडून दिले पाहिजे. स्वतःची मजुरी न धरणारी बाई ज्या दिवशी मदतीला माणूस ठेवते, त्या दिवशी तिचा धंदा तोट्यात जातो, आणि माणूस न ठेवता धंदा वाढत नाही. किंमत जास्त वाटते असे गिऱ्हाईक म्हणाले, तर सूट देण्यापेक्षा लहान पाकीट काढावे. चव पाहायला ५० ग्रॅमचे पाकीट घेणारा माणूस पुढच्या वेळी मोठे नेतो. सुटीच्या दरात घेणारा पुढच्या वेळी पुन्हा सूटच मागतो.

उधारीबद्दलही लिहायला हवे. माल ठेवून जा, विकला गेला की पैसे देतो, या बोलीवर मी एका दुकानात सलग दोन हंगाम माल दिला. पैसे तुकड्यातुकड्यांनी आले, शेवटचा हप्ता तर आलाच नाही, आणि उरलेली पाकिटे मुदत उलटल्यावर परत मिळाली. तेव्हा मला माहीत नव्हते की, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हिशेब ठेवून आयकर भरणाऱ्या व्यापाऱ्याला असे थकवलेले बिल, प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही, अशी तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून आली आहे. याचा लाभ घ्यायचा तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. जुलै २०२० पासून ती ऑनलाईन आणि पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. एरवी, गावातल्या दुकानदाराशी कज्जा करण्याची वेळ घरगुती उद्योजिकेवर येऊ नये हेच बरे. मी आता बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापते, आणि मागचे बिल चुकते झाल्याशिवाय पुढचा माल ठेवत नाही. यामुळे दोन दुकाने सुटली. जी राहिली, त्यांचे पैसे वेळेवर येतात.

मोबाईलवरच्या जाहिरातीविषयी तरुण मुली मला नेहमी विचारतात. एका जाहिरात करून देणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून मीही एका हंगामात पैसे भरून जाहिरात केली होती. फोन पुष्कळ आले, ते दिल्ली-हैदराबादचे; काचेची बाटली तिथे पोहोचवण्याचा खर्च बाटलीच्या किमतीएवढा होत होता आणि विचारणाऱ्यांपैकी कोणी तो द्यायला तयार नव्हते. जाहिरात वाईट असते असे मी म्हणत नाही. पण आपला माल जिथवर पोहोचतो तिथवरच ती दिसेल अशी व्यवस्था करून घ्यायला हवी होती, ती मी केली नाही. मला उपयोग झाला तो विनामूल्य साधनांचा. गूगलच्या नकाशावर घराची जागा, कामाच्या वेळा आणि चार स्वच्छ फोटो टाकल्यापासून मंगेशीहून येणारी गाडी रस्ता न चुकता दारात येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक अ‍ॅपमध्ये मालाची यादी दरासह लावता येते, त्यामुळे तोच तो प्रश्न दहादा येत नाही. त्यातल्या साध्या ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवण्याच्या सोयीची, एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना ठाऊक नसते: ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच तो निरोप पोहोचतो. म्हणून माल देतानाच मी विनंती करते, "नंबर सेव्ह करून ठेवा, मे अखेरीस नवी आमसुले तयार झाली की कळवीन." आणि मी वर्षातून तीनदाच कळवते: नवा माल निघाल्यावर, चतुर्थीच्या तीन आठवडे आधी, आणि जत्रांचा हंगाम सुरू होताना. रोज सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवणाऱ्या दुकानाचा निरोप लोक न वाचता पुसतात, आणि मग कामाचा निरोपही त्यातच जातो.

भौगोलिक मानांकनाचा गवगवा अलीकडे बराच होतो, आणि तो व्हायलाही हवा. फेणीला २००९ मध्ये, हरमलच्या मिरचीला व आपल्या खाज्याला २०२१ मध्ये, मानकुराद आंबा आणि बेबिंक ही मिठाई यांना २०२३ मध्ये ते मिळाले. परंतु मानांकन त्या प्रदेशातल्या पदार्थाचे असते. आपल्या पाकिटावर ते नाव आणि ती खूण वापरायची, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. आणि ती नोंद झाली तरी त्या नावाने गिऱ्हाईक पहिल्यांदा येईल. दुसऱ्यांदा ते येते ते जिभेला चव आठवली तरच, म्हणून जत्रेत दिवसभर उघड्यावर राहून मऊ पडलेले खाजे मानांकनाच्या नावाखाली विकले जाताना पाहिले की मला वाईट वाटते.

धंदा वाढवायचा म्हणजे पदार्थांची संख्या वाढवायची, असाही एक समज आहे. मी एकदा सोळा प्रकारांपर्यंत गेले आणि प्रत्येकाचे थोडे थोडे उरू लागले. आता सहा आहेत. सहावा आला तोही वहीतूनच: टाचांच्या भेगांना लावायला भिरंडेल मिळेल का, अशी विचारणा एका पावसाळ्यात अकरा घरांतून झाली. भिरंडांच्या बिया तोवर मी परसात टाकत होते. त्यांपासून काढलेल्या भिरंडेलाच्या वड्या आज आमसुलांबरोबर त्याच घरांत जातात, आणि त्यांच्यासाठी मला एकही नवे गिऱ्हाईक शोधावे लागलेले नाही. अवेळी पावसाने भिरंडे कमी हाती लागली, तर जूनमध्ये मोजदाद झाल्यावर आधी या घरांचा वाटा बाजूला काढते, मग उरले तर दुकानांना. दुकानदार नाराज होतात, ते मी सोसते.

शेवटी प्रदर्शने भरवणाऱ्यांना, मग ते सरकारी खाते असो, बँक असो वा महिला मंडळ, आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या करते. पहिली अशी की, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून गाळे वाटण्याऐवजी, जी बाई गेल्या वर्षी जिथे बसली होती तिला शक्य तोवर तिथेच बसू द्यावे. एका वार्षिक प्रदर्शनात माझी जागा तीन वर्षांत तीन ठिकाणी गेली. मागच्या वर्षीचे लोक मला शोधत फिरले आणि न सापडल्यामुळे तसेच परत गेले, हे त्यांनी नंतर फोनवर सांगितले. म्हापशाच्या त्या मिरचीवालीचा कोपरा दरवर्षी हलला असता, तर मीही तिला शोधू शकले नसते. दुसरी विनंती, प्रदर्शनानंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक गाळेवालीला एक फोन करावा आणि किती जणांनी पुन्हा माल मागवला, एवढे विचारून तो आकडा लिहून ठेवावा. चतुर्थीच्या बाजारांचे गाळे आता लवकरच वाटले जातील. यंदापासून हे करता येईल.

आपली विश्वासू,
एक गृहउद्योजिका, फोंडा-गोवा